पानगळीत गाडीने जुनी गावं फिरताना: बेत कसा आखावा आणि फोटो कुठे बिघडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: पानगळीच्या हंगामात चार दिवस गाडीने जुनी गावं, दगडी पूल, पडके किल्ले असलेल्या मुलखातून फिरायचं आहे. रोज साधारण ३०० किमीचा बेत आहे. जवळ फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, २४-७० आणि ७०-२०० मिमीच्या दोन लेन्स (आकडा लहान तितकी चौकट रुंद), एक पोलरायझर (चकाकी कापणारा, लेन्सपुढे फिरवायचा फिल्टर) आणि ट्रायपॉड आहे. मागच्या खेपेला रंग डोळ्यांना दिसले तसे आले नाहीत, लाल झाडं सपाट डागांसारखी दिसली आणि इमारती मागे कलंडलेल्या वाटल्या. काय बदलावं?

सगळ्यात आधी तो ३०० किमीचा आकडा बदला. अरुंद ग्रामीण रस्त्यांवर सरासरी वेग ताशी ४० किमीच्या वर क्वचितच जातो, म्हणजे ३०० किमीला साडेसात तास. ऑक्टोबरच्या मध्यात ४५ अंश अक्षांशावर दिवसच जेमतेम अकरा तासांचा असतो. उरलेल्या साडेतीन तासांत जेवण, पेट्रोल आणि रस्ता चुकणंही आलं. एका ठिकाणी नीट फोटो काढायचे तर गाडी लावायला जागा शोधणं, चालत जाणं, दोन-तीन बाजूंनी पाहणं, ढग सरकण्याची वाट पाहणं यात अर्धा-पाऊण तास जातोच. त्यामुळे लांबचा पल्ला गाठणाऱ्याला थांबे चारच मिळतात, आणि तेही चुकीच्या वेळी. दिवसाला १०० ते १२० किमी ठेवा. गाडीत तीन तास जातील, हातात सात-आठ थांबे येतील. त्यातले दोन-तीनच आधी ठरवा, सूर्याच्या वेळेनुसार. बाकीचे रस्ता देईल तसे.

सूर्याच्या वेळेनुसार म्हणजे कसं, तर बेत नकाशावरच्या अंतरावर न आखता कोणती भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे यावर आखायचा. इथे पानगळीच्या दिवसांचा एक पक्का नियम कामी येतो. उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. ४५ अंश अक्षांशावर ऑक्टोबरच्या मध्यात तो ठीक पूर्वेपासून १३ अंशांच्या आसपास सरकलेला असतो. त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर मार्चपर्यंत थेट ऊन पडतच नाही. अशा इमारतीसमोर सूर्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही. मागचं आकाश लख्ख आणि भिंत काळी, हेच होणार. ती ढगाळ दिवसासाठी राखून ठेवा. दक्षिण गोलार्धात पानगळ मार्च ते मे महिन्यांत येते आणि तिथे हेच गणित दक्षिणमुखी भिंतीला लागू होतं.

युरोपातली बरीच मध्ययुगीन चर्च पूर्व-पश्चिम बांधलेली आहेत: वेदी पूर्वेला, मुख्य दार पश्चिमेला. नवखा माणूस तिथे सकाळी जातो आणि सावलीतली दर्शनी बाजू पाहून परततो. अशा पश्चिममुखी भिंतीवर सूर्य मध्यान्हानंतर येतो, आणि पहिला तास-दीड तास तो भिंतीला जवळजवळ घासून जातो. दगडावरचं कोरीवकाम, झिजलेल्या कडा, छिन्नीच्या खुणा उठून दिसतात त्या याच वेळी. उशिरा दुपारी सूर्य समोर आला की रंग जास्त उबदार होतो, पण कोरीवकामातली सावली भरून जाते आणि भिंत सपाट दिसते. पोत हवा की रंग, ते ठरवून वेळ निवडा. कोणत्याही नकाशाच्या उपग्रह-दृश्यात इमारतीचं तोंड कुठे आहे ते दोन मिनिटांत कळतं. घरी बसून प्रत्येक थांब्यापुढे ‘सकाळ’, ‘दुपार’ किंवा ‘ढगाळ’ एवढंच लिहून ठेवलं तरी अर्धं काम झालं.

हाच हिशेब गाडी चालवण्यालाही लावा. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी हाकली तर सूर्य सरळ डोळ्यांत येतो, आणि पानगळीत तो दिवसभरच खाली असतो. म्हणून शक्य असेल तर मुक्काम रस्त्याच्या पूर्व टोकाला ठेवा. सकाळी पश्चिमेकडे निघायचं, संध्याकाळी पूर्वेकडे परतायचं. दोन्ही वेळा ऊन पाठीमागून येतं आणि समोरचा देखावा उजळलेला दिसतो. उजेडाविरुद्धचे फोटो हवे असतील तर थांबून मागे वळून पाहायचं.

युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. सहल त्या दोन्ही बाजूंना पसरलेली असेल तर सूर्यास्त घड्याळाप्रमाणे अचानक तासभर आधी होतो आणि संध्याकाळचा थांबा अंधारात सापडतो.

रंग कधी येतो याबद्दल. दिवस लहान होऊ लागले की पान हरितद्रव्याची भरपाई थांबवतं. पिवळा-नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड्स पानात आधीपासूनच असतात, हिरवा ओसरला की ती उघडी पडतात. लाल रंगाचं अँथोसायनिन मात्र बहुतेक झाडांत पानगळीतच नव्याने तयार होतं आणि त्यासाठी पानात साखर लागते. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या थंड रात्री ओळीने मिळाल्या तर लाल जोरात येतो. सतत ढगाळ हवा असेल तर पिवळा ठीक येतो, लाल फिका राहतो. म्हणजे बर्च आणि ॲस्पेनवर दरवर्षी बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, मेपलवर तेवढा नाही. ओकचा तांबूस-तपकिरी रंग उशिरा येतो आणि बराच काळ टिकतो, त्यामुळे ‘हंगाम संपला’ असं लोक म्हणत असताना ओकच्या रांगा असलेला जुना रस्ता उत्तम असू शकतो. गिंको याच्या उलट. एखाद्या कडक थंडीच्या रात्रीनंतर तो एका दिवसात सगळी पानं टाकून मोकळा होतो.

तारीख चुकली तर उंची बदला. दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६५ अंश सेल्सिअसने उतरतं, म्हणून रंग डोंगरावर आधी येतो आणि खाली सरकत जातो. दरी हिरवी दिसली तर ३०० ते ४०० मीटर वर चढा. वरची झाडं उघडी पडली असतील तर खाली नदीकाठी जा. मुक्कामाच्या जागेपासून चढणारा आणि उतरणारा असे दोन्ही रस्ते हाताशी ठेवले की बेत फसत नाही. शंभर किमी उत्तरेला पळण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आता रंग डोळ्यांना दिसले तसे का येत नाहीत. तीन कारणं असतात आणि बहुधा तिन्ही एकदम.

पहिलं कारण ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाची छटा कॅमेऱ्याने आपणहून सावरणं. कॅमेऱ्याला पूर्ण चौकट पिवळी-तांबडी दिसली की ती प्रकाशाची चूक आहे असं समजून तो निळसर छटा मिसळतो आणि नेमकी हंगामाची ऊबच काढून टाकतो. उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन (प्रकाशाच्या छटेचं माप, कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो उबदार होतो), ढगाळ हवेत ६००० ते ६५००, दाट सावलीत ७००० च्या आसपास असं हाताने लावा. रॉमध्ये (सेन्सरची नोंद कच्चीच साठवणाऱ्या फाइलमध्ये) काढत असाल तर नंतर बदलता येतं, पण मागच्या पडद्यावर चुकीचा रंग पाहून एक्स्पोजरचे, म्हणजे सेन्सरला किती प्रकाश द्यायचा याचे, निर्णयही चुकतात, म्हणून जागेवरच लावलेलं बरं. एक अपवाद लक्षात ठेवा: इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्ससारख्या भागात घरं मधाळ रंगाच्या चुनखडीच्या दगडाची आहेत. तिथे संध्याकाळच्या उन्हात ‘क्लाउडी’ लावलं तर भिंती भोपळ्यासारख्या नारिंगी होतात. ५२०० च्या वर जाऊ नका.

दुसरं कारण म्हणजे लाल झाडं डागासारखी का येतात याचं उत्तर. उन्हातल्या लाल पानावर सेन्सरचा लाल चॅनल (लाल रंगाची नोंद) हिरव्या-निळ्याच्या कितीतरी आधी भरतो. कॅमेऱ्याचा नेहमीचा पांढरा हिस्टोग्राम (गडद डावीकडे, उजळ उजवीकडे असा उजेडाचा आलेख) तिन्हींचा मिळून एक आकार दाखवतो, त्यात सगळं सुखरूप वाटतं. प्रत्यक्षात लाल चॅनल उजव्या भिंतीला आपटलेला असतो. एकदा तो भरला की शेजारशेजारच्या पानांतला फरक जातो आणि सगळं झाड एकाच रंगाने सारवल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे. मेनूत जाऊन तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, लाल आलेख उजवीकडे टेकेपर्यंत जाऊ देऊ नका, आणि उन्हातल्या लाल झाडाला १/३ ते २/३ स्टॉप कमी एक्स्पोजर द्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). हा हिस्टोग्राम कॅमेऱ्याच्या जेपेगवरून (कॅमेऱ्याने स्वतः रंग देऊन बनवलेल्या फोटोवरून) बनतो, म्हणून पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’ ठेवा. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘लँडस्केप’ ठेवलं तर रॉमध्ये जागा शिल्लक असूनही आलेख भरलेला दाखवतो आणि तुम्ही उगाच फोटो काळा करता.

तिसरं कारण चकाकी. पानाचा पृष्ठभाग मेणचट असतो आणि त्यावर आकाशाचं प्रतिबिंब पडतं. ऊन असो वा ढग, प्रत्येक पानावर एक पांढुरका थर बसतो. डोळा त्याकडे दुर्लक्ष करतो, सेन्सर करत नाही. पोलरायझर यासाठी आहे. निळं आकाश गडद करणं हे त्याचं दुय्यम काम. पावसानंतरच्या ओल्या पानांवर ढगाळ हवेत पोलरायझर फिरवला की रंग जणू आतून उमलतात, आणि हा परिणाम नंतर संगणकावर आणता येत नाही, कारण चकाकीखाली काय होतं ते सेन्सरला कधी दिसलेलंच नसतं. कडं हळूहळू फिरवत व्ह्यूफाइंडरमध्ये पाहा आणि सगळ्यात जास्त परिणामाच्या जरा अलीकडे थांबा. पूर्ण चकाकी काढली तर पानं मेल्यासारखी दिसतात.

पोलरायझर कुठे घात करतो तेही सांगतो. तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, तेव्हा हातात कॅमेरा असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागतो. आकाशावरचा त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात सर्वाधिक असतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात धरा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथे जिथे दाखवेल तो हा पट्टा. साधारण २८ मिमीपेक्षा रुंद लेन्सला आकाशाचा एवढा मोठा भाग दिसतो की मध्ये गडद निळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना फिकं आकाश असा विचित्र प्रकार होतो. रुंद चौकटीत आकाश असेल तर पोलरायझर काढून ठेवा. पॅनोरमासाठी फोटो जोडायचे असतील तरीही काढा. तळ्यात रंगीत झाडांचं प्रतिबिंब हवं असेल तर तो नेमकं तेच पुसून टाकतो. आणि बंद गाडीच्या खिडकीतून तर वापरूच नका: बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात, त्यांच्यातला ताण पोलरायझरमधून ठिपके आणि इंद्रधनुषी पट्ट्यांच्या रूपात दिसतो.

चालत्या गाडीतून फोटो काढण्याबद्दल. चालवणाऱ्याने काढायचाच नाही, हे वेगळं सांगायला नको. शेजारी बसलेल्याने काढायचा तर हिशेब असा: ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. १/१००० सेकंदाच्या शटरमध्येही गाडी पावणेदोन सेंटीमीटर पुढे गेलेली असते. ३५ मिमी लेन्सने २० मीटरपेक्षा जवळचं कुंपण किंवा झाड त्यात फिसकटणार, २०० मीटरवरचं गाव मात्र स्वच्छ येईल. म्हणजे चालत्या गाडीतून दूरचंच घ्या, काच खाली करा आणि कोपर दाराला टेकवू नका, थरथर हातात उतरते. माझ्या मते हे फोटो टिपणवहीसारखे वापरावेत: इथे परत यायचं, या वेळी यायचं. गाडी थांबवून खिडकीतूनच काढणार असाल तर इंजिन बंद करा आणि लेन्सखाली तांदूळ किंवा वाळूची छोटी पिशवी ठेवा. ७०-२०० ला तो ट्रायपॉडइतकाच आधार असतो.

इमारती मागे कलंडतात कारण कॅमेरा वर झुकवलेला असतो. सेन्सर भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा, कॅमेरा आडवाही सरळ आणि पुढे-मागेही सरळ धरा. मग छत कापलं जातं, आणि लोक इथेच पुन्हा कॅमेरा झुकवतात. त्याऐवजी मागे सरका. किती, ते मोजता येतं. १५ मीटर उंच बुरूज, कॅमेरा दीड मीटरवर आणि उभा धरलेला, २४ मिमी लेन्स: निदान १८ मीटर लांब उभं राहावं लागेल. ३५ मिमीला २६ मीटर. कॅमेरा आडवा धरला तर २४ मिमीलाच २७ मीटर. सरळ धरलेल्या कॅमेऱ्यात खालची बरीच चौकट जमिनीला जाते, आणि पानगळीत ही अडचण नसून सोय आहे, कारण जमिनीवर पानांचा सडा असतो. मागे सरकायला जागाच नसेल तर दोन मार्ग. थोड्या उंचवट्यावर चढा, समोरच्या उतारावरून किंवा तटावरून इमारतीच्या मध्याच्या उंचीवर या. नाहीतर कॅमेरा झुकवून काढा पण चारही बाजूंना मोकळी जागा सोडा आणि रेषा नंतर सॉफ्टवेअरमध्ये उभ्या करा. त्यात वरचे कोपरे ताणले जातात आणि खालचा बराच भाग कापावा लागतो, म्हणून घट्ट चौकटीचा फोटो नंतर सुधारता येत नाही. दुरुस्ती पूर्ण १०० टक्के करू नका. खूप उंच इमारत गणिती काटेकोरपणे सरळ केली की ती वरच्या बाजूला फुगलेली भासते.

खरं तर जुन्या गावाचा चांगला फोटो बहुतेक वेळा गावात उभं राहून निघतच नाही. समोरच्या टेकडीवरून १०० ते २०० मिमीने काढा. चर्चचा मनोरा, छपरांची उतरंड, मागची रंगीत टेकडी हे सगळं एकमेकांजवळ ओढलं जातं, आणि गल्लीत लावलेल्या गाड्या, पाट्या, कचऱ्याचे डबे छपरांआड जातात. गावात उतरायचंच तर उजाडतानाच. दहा वाजल्यानंतर प्रत्येक जुन्या दारासमोर एक चकचकीत गाडी उभी असते. खाली बसून पुढच्या दगडी कठड्याने गाडी झाकता येते, एखाद्या झाडाच्या बुंध्याने विजेचा खांब झाकता येतो. एक पाऊल डावीकडे-उजवीकडे सरकून होणाऱ्या या गोष्टींसाठी नंतर संगणकावर तासभर पुसत बसणं मला तरी पटत नाही. लोक हटवण्यासाठी दहा स्टॉपचा गडद फिल्टर लावण्याचा सल्लाही मिळेल. १/६० चं शटर त्याने सतरा सेकंदांवर जातं, माणसं नाहीशी होतात खरी, पण तेवढ्या वेळात झाडावरची पानंही हलून चिखल होतो.

सेटिंग्जबद्दल फार काथ्याकूट करू नका. लँडस्केपसाठी एफ/८ ते एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान). एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, बारीक पानांची धार जाते. पुढे पडलेली पानं आणि मागचा पूल दोन्ही स्पष्ट हवे असतील तर २४ मिमीला एफ/११ वर फोकस पावणेदोन मीटरवर लावा, साधारण ९० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत चालून जातं. ३५ मिमीला तोच आकडा ३.७ मीटर. सेन्सर खूप मेगापिक्सेलचा असेल तर फोकस थोडा पुढे ढकला, नाहीतर दूरचा पूल किंचित मऊ येतो. ८५ मिमीला हे अंतर २२ मीटरवर जातं, तिथे सगळं स्पष्ट ठेवण्याचा नाद सोडा. वारा असेल तर शटर १/२५० च्या खाली नेऊ नका, आणि त्यासाठी आयएसओ ८०० करावा लागला तर बिनधास्त करा. दाणेदार पान चालतं, हललेलं पान चालत नाही. ट्रायपॉडवर असूनही पानं का हलली, असं पुष्कळ लोक विचारतात. ट्रायपॉड कॅमेरा धरतो, झाड नाही.

सूर्य पाठीशी ठेवून काढलेली झाडं बहुधा निरस दिसतात. पान पातळ असतं, त्यातून उजेड आरपार जातो. तेव्हा सूर्य झाडामागे येईल असे उभे राहा, बुंध्याआड किंवा फांदीआड सूर्य लपवा आणि मागे सावलीतला डोंगर, सूचीपर्णी झाडी किंवा एखादी काळवंडलेली दगडी भिंत येऊ द्या. गडद पाठीवर पेटलेलं एकच झाड शंभर रंगीत झाडांच्या गर्दीपेक्षा जास्त बोलतं. एक्स्पोजर पानांवर ठरवा, मागचं काळं झालं तर होऊ द्या. लेन्सवर ऊन पडत असेल तर हूड पुरत नाही, हाताची किंवा टोपीची सावली धरा. पुढच्या काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसे याच वेळी दिसतात.

ढगाळ हवेला नाक मुरडू नका. पांढरं आकाश चौकटीबाहेर ठेवलं की जंगलातली वाट, पुलाखालचा ओढा, शेवाळलेली कुंपणभिंत, उत्तरमुखी दारं हे सगळं त्याच दिवशी चांगलं येतं. ओला दगड गडद होतो आणि पानं उजळ दिसतात. जोडीला दोन-तीन मायक्रोफायबर फडकी आणि एक छत्री, बस.

धुकं हवं असेल तर ते हेरता येतं. आदल्या दिवशी पाऊस, रात्री आकाश निरभ्र, वारा नाही आणि हवामानाच्या अंदाजात तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरतं) यांत दोन-तीन अंशांहून कमी फरक: अशा पहाटे नदीच्या खोऱ्यात धुकं साचण्याची शक्यता चांगली असते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी धुक्याच्या वर, कड्यावर पोहोचा. खाली दरीत असाल तर नुसता राखाडी पडदा दिसेल. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत ते विरतं आणि विरण्याची वेळच सर्वांत सुंदर असते: मनोरा दिसतो, गाव दिसत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक धुक्याला राखाडी समजतो, म्हणून १/३ ते १ स्टॉप वाढवा. गार पडलेला कॅमेरा गाडीच्या उबेत आणला की काचेवर आणि क्वचित आतही दव धरतं. तो बाहेर असतानाच बॅगेत घालून चेन लावा आणि अर्धा तास उघडू नका. थंडीत बॅटरीही लवकर बसते, जादाची बॅटरी अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा.

रस्त्याचे धोके हंगामाप्रमाणे बदलतात. ओल्या पानांचा थर बर्फासारखा निसरडा असतो आणि त्याखाली रस्त्यावरचे पट्टे, खड्डे, कडा झाकल्या जातात. कापणीच्या काळात ट्रॅक्टर वळणापलीकडे चिखल टाकून जातात. हरणांचा हा माजाचा काळ, त्यामुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे नेमक्या फोटोंच्या वेळेला, ती रस्त्यावर येतात. एक आडवं गेलं की वेग कमीच ठेवा, मागे दुसरं असतं. पुलांवरचा रस्ता खालूनही गार होतो, म्हणून तिथे बर्फ आधी धरतो. समोरची काच आतल्या बाजूने पुसा. बाहेरची सगळेच पुसतात, पण खालच्या सूर्यात आतला तेलकट थरच डोळे दिपवतो.

गाडी कुठे लावायची हा या सहलीतला सर्वांत कटकटीचा भाग. वळणावर नाही, शेताच्या फाटकासमोर नाही, एकपदरी रस्त्यावर समोरच्याला वाट देण्यासाठी केलेल्या फुगवट्यात नाही. वाळलेल्या पानांच्या किंवा गवताच्या ढिगावर तर मुळीच नाही: गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) इतका तापलेला असतो की पाचोळा पेट घेऊ शकतो. आधी रीतसर जागी गाडी लावा, मग पाचशे मीटर मागे चालत या. चालताना जे दिसतं ते गाडीतून दिसलेलं नसतंच.

आणि घरं लोकांची आहेत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात पॉमफ्रेट गावातल्या एका खासगी शेतघराच्या फोटोसाठी इतकी झुंबड होऊ लागली की २०२३ च्या पानगळीत तिथला क्लाउडलँड रोड बाहेरच्या वाहनांना बंद ठेवावा लागला. सार्वजनिक रस्त्यावरून काढा, कुंपण ओलांडू नका, खिडक्यांवर मोठी लेन्स रोखू नका. ड्रोन नेणार असाल तर त्या जागेचा नियम आधी वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून त्याला बंदी आहे.

सोबत फोन असेल तर तोही वापरा, फक्त आपोआप होणाऱ्या एचडीआरवर (उजेड-सावलीतला फरक कमी करण्यासाठी अनेक फोटो जोडण्यावर) लक्ष ठेवा. तो सावल्या भरून काढतो आणि तिरप्या उन्हाचा सगळा आकार घालवतो. बोट दाबून फोकस-एक्स्पोजर बांधा आणि सरकपट्टी थोडी खाली ओढा. दूरच्या गावासाठी बोटांनी झूम न करता फोनची वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तिच्यावरच जा.

संगणकावर सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘सॅच्युरेशन’ची पट्टी. ती आधीच भरलेल्या लाल-नारिंगीला आणखी भरते आणि जागेवर वाचवलेले बारकावे इथे मरतात. त्याऐवजी नारिंगी आणि पिवळ्या रंगांची फक्त उजळता थोडी वाढवा, लालची किंचित उतरवा. हिरव्याचा रंग पिवळ्याकडे ढकलून हंगाम पुढे नेण्याचा मोह होतो. पाच-दहा अंकांपर्यंत खपतो, त्यापुढे गवत आणि सूचीपर्णी झाडंही पिवळी पडतात आणि फसवणूक उघडी होते. ‘क्लॅरिटी’ आणि ‘टेक्श्चर’ पानांवर न लावता ब्रशने फक्त दगडावर लावा. हजारो पानांच्या कडा एकदम धारदार केल्या की जंगल वाळूच्या कागदासारखं खरखरीत दिसतं. वेबसाठी फोटो लहान करतानाही हेच होतं, म्हणून आकार कमी केल्यावर शार्पनिंग कमीत कमी ठेवा आणि एसआरजीबी रंगपटात (वेबवरच्या नेहमीच्या, मर्यादित रंगांच्या संचात) निर्यात करून लाल झाडं पुन्हा एकदा १०० टक्क्यांवर तपासा. या रूपांतरात सर्वांत गडद लाल पुन्हा कापला जाऊ शकतो. तसं दिसलं तर त्या झाडापुरतं सॅच्युरेशन दहा-पंधराने उतरवून परत निर्यात करा.